हाताशी असावेत असे दस्तऐवज : संगणकावरील मांडणीचा विचार

संगणकावर लेखन-वाचन करणाऱ्या अभ्यासकाकडे काही वर्षांतच हजारो फायली साचतात. ग्रंथांच्या पीडीएफ प्रती, टिपणे, व्याख्यानांचे मसुदे, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रे असा हा संग्रह वाढतच जातो. मात्र रोजच्या कामाकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, या हजारो फायलींपैकी वारंवार उघडाव्या लागणाऱ्या फायली मोजक्याच असतात. या मोजक्या फायलींपर्यंत विनासायास पोहोचणे हा एक प्रश्न आहे. उरलेला सर्व संग्रह सुरक्षित आणि शोधण्याजोगा ठेवणे हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की घोळ सुरू होतो. जी फाईल सारखी लागते ती डेस्कटॉपवर आणून टाकली जाते, तिची एक प्रत पेन ड्राईव्हवर जाते, दुसरी ई-मेलमध्ये राहते. आणि शेवटी यांतील खरी कोणती, हे तिच्या कर्त्यालाही सांगता येत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच मुद्दा मांडावयाचा आहे. दस्तऐवज हाताशी असणे म्हणजे तो उचलून जवळ आणणे नव्हे. त्याच्याकडे नेणारी वाट जवळ आणणे होय. मुक्काम एक असावा, वाटा हव्या तितक्या असाव्यात. हा भेद एकदा ध्यानात आला की संगणकातील निरनिराळ्या सोयींचा अर्थ आपोआप उलगडतो आणि त्यांतील धोकेही दिसू लागतात.

मेज आणि कपाट

संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, मानण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकाने १९८१ साली बाजारात आणली. कागद, फोल्डर, टपालाची पेटी यांची लहान चित्रे पडद्यावर मांडून कार्यालयातील ओळखीचे जग तिने संगणकात उतरविले. ही उपमा सोयीची होती आणि म्हणूनच ती टिकली. परंतु तिने एक सवयही लावली. मेजावर कागद पसरावेत तशा फायली पडद्यावर पसरल्या जाऊ लागल्या आणि कपाट रिकामेच राहू लागले.

मेजावर काय असावे आणि कपाटात काय असावे, याचा विचार संगणकशास्त्राने फार पूर्वीच केला आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार कोणताही संगणकीय कार्यक्रम दिलेल्या काळात आपल्या एकूण स्मृतीपैकी थोडाच भाग पुनःपुन्हा वापरतो. तेवढा भाग जलद स्मृतीत ठेवला आणि बाकीचा दूर ठेवला तरी काम अडत नाही. डेनिंग यांनी या भागास दिलेल्या नावाचा अर्थ ‘कामाचा संच’ असा करता येईल. काम बदलले की संचही बदलतो. माणसाच्या अभ्यासाचेही असेच आहे. एखादा प्रबंध लिहिताना जे चार ग्रंथ रोज लागतात, ते प्रबंध पूर्ण झाल्यावर वर्षभर उघडलेही जात नाहीत.

कागदांच्या बाबतीत हाच विचार जपानी अर्थशास्त्रज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ साली एका लोकप्रिय पुस्तकात मांडला. त्यांची पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक विषयाचे कागद एका मोठ्या पाकिटात घालावेत, ही पाकिटे फळीवर ओळीने उभी करावीत आणि जे पाकीट वापरले जाईल ते परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला ठेवावे. विषयवार वर्गवारी करण्याच्या भानगडीत पडूच नये. काही महिन्यांत वारंवार लागणारी पाकिटे डावीकडे आपोआप जमतात आणि उजवे टोक जुन्या, निरुपयोगी कागदांचे होते. याच स्वरूपाच्या ‘वापरले की पुढे ठेवा’ या नियमाचे गणिती विश्लेषण डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ साली केले होते. पुढे कोणती वस्तू केव्हा लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या मांडणीशी तुलना केली, तरी या नियमाने शोधण्याचे श्रम सुमारे दुपटीहून अधिक होत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भविष्य ठाऊक नसताना एवढ्या सोप्या नियमाने इतके साधावे, ही लहान गोष्ट नव्हे.

संगणकातील ‘अलीकडील फायली’ ही यादी म्हणजे नोगुची यांची फळीच होय. आपण काही न करता ती तयार होत असते. तथापि कागद आणि फाईल यांत एक मूलभूत अंतर आहे. कागदाचे पाकीट एका वेळी एकाच जागी असू शकते. ते डावीकडे आणले म्हणजे मूळ जागेवरून उचललेच. संगणकात मात्र फाईल आपल्या जागी ठेवून तिच्याकडे दहा ठिकाणांहून जाता येते. ग्रंथपालांना ही युक्ती नवी नाही. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर असते. पण लेखकाच्या नावाने, शीर्षकाने आणि विषयाने अशी त्याची अनेक कार्डे तालिकेत असतात. वाचकाचा वेळ वाचविणे हे तत्त्व एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत चौथे म्हणून घातले, ते याच दृष्टीने पाहावे.

पेय्यालाचा दृष्टान्त

पालि ग्रंथांच्या वाचकांना या भेदाचे एक परिचित उदाहरण देता येईल. सुत्तांत तोच मजकूर पुनःपुन्हा येतो, तेव्हा तो दर वेळी पूर्ण न देता ‘पे’ एवढेच अक्षर छापलेले असते. यालाच पेय्याल म्हणतात. दीघनिकायाच्या सीलक्खन्धवग्गात तेरा सुत्ते आहेत. त्यांपैकी दुसऱ्या, सामञ्ञफलसुत्तात शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या क्रमिक साधनेचे विस्तृत वर्णन येते. पुढील सुत्तांत ते बहुतांशी पेय्यालाने सूचित केले जाते. वाचकाने मागे जाऊन तो भाग भरून घ्यावयाचा असतो.

पेय्यालाने जागा वाचते, पाठांतराचा भार हलका होतो. पण त्या ‘पे’मध्ये मजकूर नसतो, मजकुराकडे बोट असते. ज्याच्याजवळ सामञ्ञफलसुत्त नाही आणि केवळ पुढचे एखादे सुत्त आहे, त्याला ते ‘पे’ काहीही देऊ शकत नाही.

संगणकातील ‘शॉर्टकट’ नेमका असाच असतो. युनिक्स या प्रणालीच्या बर्कली विद्यापीठातील आवृत्तीत १९८३ साली ‘सिम्बॉलिक लिंक’ आली. ॲपलच्या मॅकिन्टॉशवर १९९१ साली ‘एलियास’ आले. आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ ने १९९५ साली ‘शॉर्टकट’ घरोघरी पोहोचविला. नावे भिन्न असली तरी कल्पना एकच. शॉर्टकट ही एक अगदी लहान फाईल असते आणि तिच्यात मूळ फाईलचा पत्ता असतो. विंडोजमध्ये तिच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान बाण दिसतो. हा बाण म्हणजे संगणकाचे ‘पे’ होय.

हा बाण न ओळखल्यामुळे होणारे नुकसान किरकोळ नसते. विद्यार्थी डेस्कटॉपवरील प्रबंधाचा शॉर्टकट पेन ड्राईव्हवर घेतो, त्यालाच प्रत समजतो आणि विद्यापीठाजवळच्या छपाईच्या दुकानात गेल्यावर फाईल उघडत नाही. कारण पेन ड्राईव्हवर प्रबंध नसून प्रबंधाचा पत्ता आहे आणि तो पत्ता घरच्या संगणकातला आहे. याहून गंभीर प्रसंग जुना संगणक मोडीत काढताना येतो. डेस्कटॉपवरील सर्व काही उतरवून घेतले अशा समजुतीने मूळ डिस्क पुसली जाते आणि मागे उरतात ते केवळ बाण. प्रत काढल्यावर फाईलचा आकार पाहणे हा यावरचा सोपा उपाय आहे. दोनशे पानांचा प्रबंध एक-दोन किलोबाइटचा असू शकत नाही. पेन ड्राईव्हवरील आपल्या फोल्डरांच्या जागी अचानक त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले, तर अधिक सावध व्हावे. मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारे व्हायरस आपल्याकडील सार्वजनिक संगणकांवर वर्षानुवर्षे आढळत आले आहेत. अशा शॉर्टकटवर क्लिक केल्याने व्हायरस चालू होतो.

पेय्यालाचेच एक नवे रूप म्हणजे इंटरनेटवरील साठवण. वनड्राईव्हसारख्या सेवेत फाईलचे नाव आपल्या संगणकावर दिसते; पण मजकूर दूरच्या संगणकावर असू शकतो. नावाशेजारी ढगाचे चित्र असल्यास ती फाईल इंटरनेटविना उघडणार नाही. व्याख्यानासाठी खेडेगावी जाण्यापूर्वी त्या फाईलवर माऊसची उजवी कळ दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा, म्हणजे ‘पे’च्या जागी पूर्ण पाठ येतो.

प्रती आणि पाठभेद

वाटेऐवजी प्रत काढली तर काय होते, हेही पालिच्या अभ्यासकांस सांगण्याची गरज नाही. एका पाठाच्या अनेक प्रती निरनिराळ्या देशांत लिहिल्या गेल्या की पाठभेद निर्माण होतात. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठ संगायनेच्या आवृत्तीत सिंहली, सयामी, कंबोज आदी पाठांची नोंद तळटीपांतून करावी लागली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने याच आवृत्तीचा पाठ संगणकावर आणला आणि आज तो अनेक लिप्यांत वाचता येतो; तेथेही हे पाठभेद सोबत आहेत.

शतकांमध्ये पसरलेला हा प्रकार संगणकावर एका आठवड्यात घडू शकतो. ‘अहवाल अंतिम’, ‘अहवाल अंतिम २’, ‘अहवाल खरा अंतिम’ अशा तीन फायली तीन ठिकाणी असतात. सचिवांनी एकीत आकडे दुरुस्त केलेले असतात, कोषाध्यक्षांनी दुसरीत. पुढे छपाईला तिसरीच जाते. ग्रंथसंपादकाकडे निदान पाठ ताडून पाहण्याचे शास्त्र असते. येथे ते करण्यास कोणी बसत नाही.

म्हणून नियम असा करावा की, चालू कामाच्या दस्तऐवजाची मूळ फाईल एकच असावी आणि तिची जागा ठरलेली असावी. जेथून ती लागते तेथे तिची वाट ठेवावी. याला एकच अपवाद आहे आणि तो म्हणजे सुरक्षेसाठी वेगळ्या डिस्कवर ठेवलेली प्रत. परंतु ती प्रत काम करण्यासाठी नसते, म्हणून तिच्यात कधीही दुरुस्ती करू नये. वाट वेगासाठी असते, प्रत संरक्षणासाठी असते. एकीचे काम दुसरीवर सोपवू नये.

प्रत्यक्ष मांडणी

आता कृतीकडे वळू. येथे विंडोज ११ ही प्रणाली गृहीत धरली आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला असला तरी ज्यांच्याकडे ती आहे त्यांनाही पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

पहिले काम संगणकावर नसून कागदावर आहे. आठ दिवस आपण कोणकोणत्या फायली उघडतो, हे कागदावर लिहीत जावे. ज्या नावापुढे तीनहून अधिक खुणा होतील, ती आपल्या कामाच्या संचातील फाईल समजावी. समजा, पालिचा एक विद्यार्थी धम्मपदावर प्रबंध लिहीत आहे. त्याच्या यादीत प्रबंधाचे चालू प्रकरण, धम्मपदाचा मूळ पाठ, अट्ठकथा, एक शब्दकोश, ग्रंथसूची आणि मार्गदर्शकांच्या सूचना एवढ्याच फायली येतील. बाकीचे शंभर लेख त्याने उतरवून घेतले असतील. पण ते कपाटातले आहेत.

दुसरे काम मुक्काम ठरविण्याचे. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कामांच्या नावाने थोडेच फोल्डर करावेत. फोल्डरात फोल्डर आणि त्यात पुन्हा फोल्डर अशी उतरंड तीन पायऱ्यांपलीकडे नेऊ नये. याला एक तांत्रिक कारणही आहे. विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता साधारणतः २६० अक्षरांच्या मर्यादेत असावा लागतो. लांबलचक नावांच्या खोल उतरंडीत ही मर्यादा ओलांडली गेली की काही फायली उघडत नाहीत किंवा त्यांची प्रत निघत नाही.

तिसरे काम नावांचे. नाव असे असावे की फाईल न उघडता तिचा बोध व्हावा. जेथे तारीख महत्त्वाची आहे, तेथे ती आरंभी आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी : ‘२०२५-०४-१४ इतिवृत्त’. तारीख लिहिण्याचा हा क्रम १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. दिवस आधी लिहिल्यास सर्व महिन्यांतील पहिल्या तारखा एकत्र येतात. वर्ष आधी लिहिल्यास नावांचा क्रम हाच काळाचा क्रम होतो. आकडे मात्र सर्वत्र एकाच पद्धतीचे, सर्व देवनागरी किंवा सर्व आंतरराष्ट्रीय, असावेत.

यानंतरच वाटा तयार कराव्यात. त्या चार प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीचे स्थान वेगळे आहे.

पहिली वाट फोल्डरसाठी आहे. कळफलकावरील विंडोजची कळ आणि ‘ई’ एकत्र दाबल्यास फाईल एक्सप्लोरर उघडतो. हव्या त्या फोल्डरवर माऊसची उजवी कळ दाबून ‘पिन टू क्विक ॲक्सेस’ निवडावे. ते फोल्डर डाव्या बाजूच्या पट्टीत कायमचे येते. ही सोय विंडोज १० बरोबर २०१५ साली आली. या पट्टीत पाच-सहा फोल्डरांहून अधिक गर्दी करू नये. जी यादी वाचावी लागते ती जलद राहत नाही.

दुसरी वाट एकेका फाईलसाठी आहे. फाईलवर उजवी कळ दाबून ‘ॲड टू फेव्हरिट्स’ निवडल्यास एक्सप्लोररच्या ‘होम’ या पहिल्या पानावर ती दिसू लागते. याच पानावर ‘रिसेंट’ म्हणजे अलीकडील फायलीही असतात. या दोहोंतील भेद ध्यानात ठेवावा. अलीकडील यादी यंत्राने केलेली असते आणि ती बदलत राहते. आवडीची यादी आपण केलेली असते आणि आपण काढेपर्यंत टिकते.

तिसरी वाट कार्यक्रमातून जाते. पडद्याच्या तळाशी असलेल्या टास्कबारवरील वर्डच्या चित्रावर उजवी कळ दाबली की अलीकडे उघडलेल्या दस्तऐवजांची यादी येते. ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ सालापासून आहे. यादीतील नावापुढे टाचणीचे चित्र दिसते. त्यावर क्लिक केल्यास ते नाव यादीच्या वर पक्के होते. वर्डच्या आतही ‘ओपन’मधील यादीत अशीच टाचणी असते. ज्याचे सारे लेखन वर्डमध्ये चालते त्याला ही एकच वाट बहुधा पुरेशी होते.

चौथी वाट कळफलकाची. फाईल ‘ऑल्ट’ ही कळ दाबून ठेवून माऊसने डेस्कटॉपवर ओढली की तिचा शॉर्टकट तयार होतो. मूळ फाईल जागेवरच राहते. त्या शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शॉर्टकट की’ या चौकटीत एखादे अक्षर दाबावे. त्यानंतर ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ते अक्षर एकत्र दाबल्यास फाईल थेट उघडते. शब्दकोशासारख्या दिवसातून अनेकदा लागणाऱ्या दोन-तीन फायलींसाठीच ही सोय राखावी. अधिक अक्षरे स्मरणात राहत नाहीत.

वाट पुसतानाही विवेक हवा. डेस्कटॉपवरील शॉर्टकट काढून टाकल्याने मूळ फाईलला धक्का लागत नाही. परंतु क्विक ॲक्सेस किंवा अलीकडील यादीतील नावावर ‘डिलीट’ केल्यास मूळ फाईल वा फोल्डरच कचरापेटीत जाऊ शकते. तेथे ‘अनपिन’ किंवा यादीतून ‘रिमूव्ह’ करण्याचा पर्यायच वापरावा.

देवनागरी आणि शोध

कपाटातील उरलेल्या फायलींसाठी संगणकाचा शोध आहे. तो उपयोगी असला तरी मराठी मजकुराच्या बाबतीत त्याच्या काही अडचणी आहेत आणि त्या प्रत्येकाने समजून घेण्यासारख्या आहेत.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठीत जे टंकलेखन झाले, ते निरनिराळ्या कंपन्यांच्या खास फाँटांत झाले. त्या फायलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांची चिन्हेच साठवलेली असतात आणि फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन मजकूर उमटतो. आणि फाँट असला तरी ‘धम्म’ हा शब्द शोधून तो सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो तेथे नसतोच. नव्वदच्या दशकातील आपल्या अनेक नियतकालिकांचे आणि स्मरणिकांचे अंक अशाच स्वरूपात आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर होईपर्यंत निदान फाईलचे नाव तरी युनिकोड मराठीत ठेवावे. म्हणजे नावावरून ती मिळू शकेल. ही मजकुराकडे नेणारी एकमेव वाट असते.

युनिकोडमध्येही फसगत होते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एकतर त्याचे स्वतंत्र चिन्ह वापरून, जे युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. किंवा ‘अ’ला चंद्राची खूण जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाला ते भिन्न वाटू शकतात आणि एकाने शोधले असता दुसरे सापडत नाही. ‘ऱ्या’ या अक्षराचीही हीच कथा. याशिवाय ‘तिपिटक’ आणि ‘त्रिपिटक’, ‘सुत्त’ आणि ‘सूत्र’, ‘विपस्सना’ आणि ‘विपश्यना’ अशी दुहेरी रूपे आपल्या लेखनात सर्रास येतात. संस्थेत एकाहून अधिक माणसे काम करीत असतील, तर कोणते रूप वापरावयाचे याचे एक पान सर्वांनी मिळून ठरवावे. ते पान सर्वप्रथम पिन करण्याच्या योग्यतेचे आहे.

सामायिक संगणक

आपल्या विहारांतील आणि लहान संस्थांतील संगणक बहुधा एकाच्या मालकीचा नसतो. सकाळी तेथे कार्यालयाचे काम होते, दुपारी विद्यार्थी टिपणे करतात, सायंकाळी कोणी निमंत्रणपत्रिका तयार करतो. अशा संगणकावर अलीकडील फायलींची यादी ही सोय न राहता दुसऱ्याच्या कामात डोकावणारी खिडकी होते.

संस्थेकडे येणारे अर्ज केवळ कागद नसतात. कोणी उपचारासाठी मदत मागितलेली असते, कोणा कुटुंबाने अत्याचाराची हकिकत लिहून दिलेली असते, कोणी घरातील वाद मांडलेला असतो. अशा फाईलचे नाव नुसते यादीत दिसले तरी विश्वासाचा भंग होतो. म्हणून प्रत्येकासाठी वेगळे वापरकर्ता-खाते करावे. ते शक्य नसल्यास एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘प्रायव्हसी’ या शीर्षकाखाली अलीकडील फायली व वारंवार लागणारे फोल्डर न दाखविण्याची सोय आहे, ती वापरावी आणि तेथीलच ‘क्लिअर’ या बटणाने जुनी नोंद पुसावी. वर्डसारखे कार्यक्रम आपली स्वतंत्र यादी ठेवतात, तिच्याकडेही लक्ष द्यावे. एकाची वाट जवळ आणताना दुसऱ्याची लाज उघड्यावर येऊ नये, हा विचार वेगापेक्षा मोठा आहे.

वारंवार आणि तातडीने

शेवटी एका मर्यादेचा विचार केला पाहिजे. यंत्राची यादी आपली सवय सांगते, गरज सांगत नाही. जे रोज उघडले जाते ते तिच्या दृष्टीने महत्त्वाचे. पण संस्थेच्या जीवनात असे काही दस्तऐवज असतात की जे वर्षातून एकदाच लागतात आणि तेव्हा त्यांच्यावाचून सारे अडते. सार्वजनिक न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, लेखापरीक्षण अहवाल, विहाराच्या जागेचे उतारे, विश्वस्तांच्या निवडीचे ठराव हे सारे या वर्गातील आहेत. विश्वस्त मंडळात बदल झाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास त्याची माहिती, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावी लागते. त्या वेळी ठरावाची प्रत जुन्या सचिवांच्या संगणकात कोठेतरी आहे, एवढेच सांगता येणे पुरेसे नसते. विद्यार्थ्याच्या बाबतीत जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला यांचे असेच आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी यांपैकी एक सापडले नाही तर शिष्यवृत्ती जाते, कधी प्रवेशही जातो.

अलीकडील फायलींच्या यादीत हे दस्तऐवज कधीच दिसणार नाहीत, कारण ते अलीकडे उघडलेले नसतात. नोगुची यांच्या फळीवर ते उजव्या टोकाला गेलेले असतात. त्यांच्यासाठी ‘तातडीचे’ असे एक वेगळे फोल्डर करून ते क्विक ॲक्सेसमध्ये पक्के करावे. त्यातील प्रत्येक कागद स्पष्ट नावाने, सरळ स्कॅन करून ठेवावा, त्याची सुरक्षा-प्रत वेगळ्या डिस्कवर असावी आणि ते फोल्डर कोठे आहे हे किमान दोन व्यक्तींस ठाऊक असावे. वाट एकालाच माहीत असेल तर ती माणसाबरोबर नाहीशी होते.

या सर्व व्यवस्थेला अधूनमधून झाडलोट लागते. तीन महिन्यांतून एकदा पिन केलेली नावे पाहावीत. ज्याचे काम संपले त्याची वाट काढावी, नव्या कामाची घालावी आणि जे शॉर्टकट उघडत नाहीत ते पुसावेत. याला अर्धा तास पुरतो. सुरक्षा-प्रतीतील एखादी फाईल त्याच वेळी खरोखर उघडून पाहावी. प्रत आहे असे मानणे आणि प्रत असणे यांत अंतर असते.

वेग हा या मांडणीचा हेतू आहे खरा, पण तो तिचा मोठा लाभ नव्हे. मूळ दस्तऐवज कोठे आहे, त्याकडे जाणारी वाट कोणती आणि जपून ठेवलेली प्रत कोणती, या तीन गोष्टी जी संस्था किंवा जो विद्यार्थी कोणत्याही दिवशी नेमकेपणाने सांगू शकतो, त्याचे काम संगणक बिघडला तरी, माणूस बदलला तरी पुढे चालू राहते. वाचकांनी आपल्या संगणकावरील बाण असलेली चित्रे आणि बाण नसलेली चित्रे आजच एकदा वेगळी करून पाहावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.